आठ बाय पंचवीस

बर्डीच्या दुकानात काचेवर तीन दुर्बिणी.
मोठी घ्या, झामनानी म्हणतो, बारापट.
समोरच्या गच्चीवरचा पारवा
एकदम नाकासमोर येतो आणि थरथरतो.
पारवा नाही, माझा हात.
जड आहे.

बाप मुठीत तोंड घालून शीळ घालायचा
गोरेवाड्यामागच्या पडीत.
तितर उत्तर द्यायचा, चालत यायचा
थेट फासापाशी.
"बोलावता आलं पाह्यजे,
मंग लांबचं कायले पाहाचं?"

शीळ माझ्याकडे आली. फास
त्यानेच एका उन्हाळ्यात चुलीत घातले,
का ते सांगितलं नाही.
रविवारी शाळेची पोरं घेऊन मी झुडपाआड बसतो.
तितर अजून फसतो,
येतो, पाहतो, रागावून परत जातो.

छोटी दाखवा.
शर्टाच्या खिशात मावेल,
शिळेला हात मोकळा राहील.
"चष्मा आहे ना, रबर दुमडा."
दुमडतो.
पारवा आता लहान, पण स्थिर.
एका पायाची बोटं सुजलेली,
वर मांजाचा वेढा.

अठ्ठावीसशे. मोजून देतो.
पिशवी नको.
त्या गच्चीवर जायला
जिना कुठून आहे?