ओळ क्रमांक अकरा

दर महिन्याच्या सव्वीस तारखेला
पगारपत्रक येतं माझ्या टेबलावर,
वेर्ण्याला, दुसऱ्या मजल्यावर,
जिथल्या खिडकीतून
शेजारच्या कारखान्याचा बॉयलर तेवढा दिसतो.
तीनशे बारा नावं.
नवव्या ओळीत मी, शर्वाणी मयेकर.
अकराव्या ओळीत नीरव,
माझ्या हाताखाली,
माझ्याहून सात वर्षांनी लहान,
आणि माझ्याहून चार लाखांनी मोठा.

बावीस वेळा सही केली आहे मी त्या ओळीखाली.
हात एकदाही थरथरला नाही.
मुलगा कामाचा आहे, त्याचा काय दोष.
त्याने आकडा सांगितला होता,
मी म्हणाले होते,
‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे’.

सुरुवात केली तेव्हा सारमानसच्या धक्क्यावर
पत्र्याच्या खोलीत बसून
बार्जमध्ये किती टन चढलं ते लिहायची.
केस, चपात्या, वहीचे कोपरे, सगळं तांबडं.
कॅशियर आल्बान मिनेझिस
चष्म्यावरून बघत म्हणायचे,
‘आंकडो सांगचो न्हय गो बाये, दाखोवचो.’
मला वाटायचं ते टनांबद्दल बोलतात.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रक अंगणात उभे राहिले,
त्यांच्यावर लोकांनी कारली चढवली.
मी चोडणच्या फेरीबोटीत इंजिनाला टेकून
सीएचे शेवटचे पेपर वाचले,
तिसऱ्या खेपेला सुटले.
बोटीतला तो खलाशी अजून विचारतो,
परीक्षा झाली का.

या एप्रिलमध्ये मुख्य वित्त अधिकारी निवृत्त झाले.
खुर्ची रिकामी, खुर्चीवर त्यांचा टॉवेल.
पडद्यावर मुंबईचे चौघे.
‘तर मॅडम, तुमची अपेक्षा?’

मी एक पान पुढे सरकवलं.
वसुलीचे दिवस चौऱ्याण्णवचे एकसष्ट.
बँकेचं व्याज पाऊण टक्का खाली.
कराची ती जुनी नोटीस, जी सगळ्यांनी
‘संभाव्य देणी’ म्हणून तळटीपेत पुरली होती,
ती लढून शून्य.
आणि सगळ्यात खाली, रेघ मारून,
माझा आकडा.

कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं,
चमचा कपावर वाजला.
मनुष्यबळवाले हसून म्हणाले,
‘पण गोव्यात राहायला तसं स्वस्तच ना?
समुद्र वगैरे.’
मी म्हटलं, ‘काल म्हापशाला इसवण अकराशे रुपये किलो होती, सर.’
आणि गप्प बसले.
ते गप्प बसणं फार जड गेलं.
आमच्याकडे मुलीला शिकवतात
की समोरचा अवघडला तर आपण काहीतरी बोलावं,
चहा विचारावा.
मी पेनाचं टोपण मोजलं. एकच होतं.

‘सहा महिने प्रभारी म्हणून बघू.’
‘बघा,’ मी म्हटलं. ‘पण पगार पहिल्या दिवसापासून,
आणि तारीख लेखी.’

शुक्रवारी मेल आली.
मागितल्याहून दीड लाख कमी.
प्रभारी हा शब्द कंसात.
आईला फोन केला, ती म्हणाली, बरं झालं,
आता तरी गाडीला नवे टायर घाल.

काल सव्वीस तारीख.
मी आता दुसऱ्या ओळीत.
नीरव अकराव्यात, तिथेच.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
आणि का कोण जाणे
यादी खालून वर वाचायला घेतली.
दोनशे सत्त्याण्णव, सुलक्षा गावकर, भांडार लेखा,
नऊ वर्षं.
दोनशे अठ्ठ्याण्णव, त्याच टेबलावर, दोन वर्षं,
तिच्याहून जास्त.
पेन्सिलीने एक टिंब ठेवलं.
दोनशे चाळीसपर्यंत आले तेव्हा
वॉचमन दिवे घालवायला आला.

रायबंदरला पोचले तर फेरीबोट सुटलेली,
मांडवीच्या मध्यावर तिचा पिवळा दिवा.
सात टिंबं झाली होती.
पुढच्या बोटीला अर्धा तास.
गाडी बंद केली, आतला दिवा लावला,
दोनशे एकोणचाळीस.