बाबांचं नाक

गेल्या कार्तिकात बाबा तापातून उठले
तर मीठ कळत होतं, तिखट कळत होतं,
मधलं सगळं गेलेलं.
लवंग म्हणजे नुसता काळा खिळा,
दगडफूल म्हणजे चघळलेला कागद.
डॉक्टर म्हणाले, येईल परत, पुष्कळांचं येतं.
एजी ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस
ही थकबाकी कुणाच्या नावावर टाकावी, त्याला कळेना.

कम्पूतल्या आमच्या दोन खोल्यांत
रविवारचं मटण बाबांचंच.
आई कांदे सोलून द्यायची आणि बाजूला व्हायची.
सोमवार ते शनिवार ते काही ना काही हुडकत असायचे.
भिंडकडचा एक म्हातारा पोत्यावर बसायचा, त्याच्याकडून काचरी,
वाळून सुरकुतलेली. ती कुटायची, मांसाला चोळायची
आणि मग हात न लावता बसायचं
दीड तास, पेपर वाचत.
शिवपुरीच्या जंगलातली चारोळी, खसखशीबरोबर वाटलेली.
कांदा तव्यावर कधीच नाही, थेट निखाऱ्यात, सालीसकट,
काळा ठिक्कर होईतो.
एका संक्रांतीला मुरैन्याची गजक उरली,
तिचा चुरा त्यांनी रश्शात टाकला.
आई म्हणाली, डोकं फिरलंय.
मग तिनंच पातेलं पुसून खाल्लं, पोळीच्या शेवटच्या तुकड्यानं.

आता रविवारी मी येते, दालबाजारातून.
माझ्या सासरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर.
सोळा वर्षं झाली, मी खात नाही.
कुणी शपथ घातली नव्हती, सुटलं तसं सुटलं.
नाकाचं मात्र सुटलं नाही.
दारात उभी राहते,
आणि बाबा पातेल्यावरची नजर न काढता विचारतात,
"सांग माणिक, कुठवर आलं?"

पहिल्यांदा म्हटलं, "छान येतोय वास."
तर चिडले. "छान लग्नपत्रिका असते. नीट सांग."
मग शिकले.
धणे अजून ओल्या पाटीसारखे आहेत.
खोबरं आता नव्या सुतळीवर आलंय.
आता तुमच्या लोकरी कोटाचं अस्तर, बाबा.
"अस्तर? म्हणजे जायपत्री जास्त झाली,"
म्हणून त्यांनी दह्याचा चमचा वाढवला.

पौषात एकदा कांद्याच्या वाटीत निखारा ठेवला,
वर तुपाचा थेंब, झटकन झाकण.
उघडलं तेव्हा मी गप्प.
"काय आलं?"
"आईच्या खाटेखाली शेगडी सरकवायचात,
तो जानेवारी."
बाबा झाकण हातात धरून उभे राहिले,
त्यावरचं पाणी पायावर ठिबकत होतं.
मग म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

मे महिन्यात एका रविवारी निघताच आलं नाही.
सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दर दोन तासांनी थेंब.
साडेअकराला फोन. हॅलो नाही, काही नाही.
"ऐक," म्हणाले,
आणि मोबाईल धरला पातेल्याजवळ.

मी डोळे मिटले.
आधी मोठे बुडबुडे, सुस्त,
मग बारीक, घाईचे,
मग एका कडेला कोरडी खसखस,
कडक साडीची घडी कुणी मोडावी तशी.
"खाली लागतोय, बाबा. एका बाजूनं. पाणी घाला, गरमच घाला."
उलथन्याची खरवड ऐकू आली.
"लागलाच होता," ते म्हणाले.
थोडा वेळ नुसती उकळी.
"अन् वास?"

माझ्यासमोर वरणाला तूप-जिऱ्याची फोडणी,
खिडकीबाहेर धान्याच्या गोण्या, उन्हाची धूळ.
"येतोय," मी म्हटलं. "काचरी पुढे आहे. मागून आत्ता
निखाऱ्यातला कांदा निघालाय."
आणि खरंच निघाला होता की काय, देव जाणे,
तोंडाला पाणी सुटलं, सोळा वर्षांनी.

आतून सासूबाई, डोळ्यावर हिरवी पट्टी, कान टवकारून:
"कुणाकडे आले गं नळ, इतक्या लवकर?"