खोकल्याचा बुधवार

महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी
लसीकरणाची खोली मी आधी झाडून घेतो.
बाळांच्या वजनाची झोळी हुकावरून काढतो,
फ्रीजची घरघर तेवढी राहते.
टेबल भिंतीकडून खिडकीकडं सरकवलं
की झाली डॉक्टर आवटींची ओपीडी.

बाई येतात मिरजेहून, पहाटेच्या एसटीनं,
जत स्टँडपासून पुढं वडाप,
मांडीवर कुणाचं तरी डाळिंबाचं खोकं.
पहिल्या महिन्यात त्यांच्या नावाची पाटी आली होती,
नावाखाली ठळक : मनोविकारतज्ज्ञ.
त्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही.
दुपारी त्यांनी डबा खाल्ला,
खिडकीतून दिसणाऱ्या पवनचक्क्या मोजल्या,
जाताना म्हणाल्या,
राठोड, ती पाटी काढून ठेवा.

आता एकच रांग.
ताप, खरूज, कुत्रं चावलेलं, पाचवा महिना,
आणि मधेमधे ते.
काय होतंय, एवढं केसपेपरला विचारावंच लागतं.
चनबसू सांगतो, खोकला.
सहा महिने डोळ्याला डोळा नाही, गल्लीला ठाऊक.
दोन महिन्यांची बाळंतीण रत्नव्वा
कुशीतल्या पोराकडं न बघता म्हणते, केम्मू. खोकला.
शकील मुजावर बापाला धरून आणतो,
म्हातारा मेलेल्या भावाशी बांधावरून भांडतोय,
त्यालाही खोकलाच.
मी लिहितो : खोकला.
आणि कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका.
ठिपक्याचं बाईंना कळतं.

खोलीचं दार नीट लागत नाही
म्हणून लॅबमधला परशा बुधवारी रेडिओ मोठा करतो.
आतलं रडणं
बेदाण्याच्या भावात मिसळून जातं.

गेल्या खेपेला दोघं साडू रांगेत समोरासमोर.
एकमेकाच्या कागदाकडं बघितलं.
तुला पण?
पण.
हवाच तशी हाय, थोरला म्हणाला
आणि सरकून बाकावर जागा केली.

तालुक्याचे साहेब आले, रजिस्टर चाळलं.
एका केंद्रात एवढा खोकला?
क्षयाची तपासणी केली का?
केली साहेब,
सगळे निगेटिव्ह.

बायको म्हणते, तीन वाजता उठून बसता,
भिंतीकडं बघत राहता. होतंय तरी काय?
परसात जाऊन
मी दोनदा खोकून बघितलं.

उद्या बुधवार.
पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.