नोंद नाही

कर्णालीच्या काठावर एकच मोजपट्टी,
खांबावर रंगवलेली; साडेसातच्या वर रंग संपला.
वाचणारा लौटन थारू. सकाळी आठ, दुपारी बारा, चार.
बत्तीस वर्षांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत,
डांबराच्या गोळ्या घालून.

मी तीन दिवस उतरवून घेत होतो.
कोरडे महिने बिनचूक.
श्रावणात पाणी चढतं, पाच, सहा, सहा चाळीस,
आणि रकाना रिकामा.
तेरा दिवसांनी, वेगळ्या शाईत: दोन दहा.

संगणकाला रिकामं चालत नाही.
उणे नऊशे नव्व्याण्णव लिहिलं. तसा रिवाज आहे.
उपग्रहानं त्या आठवड्यात ढगांचे फोटो काढलेत,
सुंदर.

"तेव्हा कुठं होतात तुम्ही?"
"आई पाठुंगळी होती. पाणी इथं,"
त्यानं बरगडीवर हात ठेवला, "मग इथं." गळा.
मी टेप लावला. एक मीटर अडतीस.
ताठ चालत होतात का, विचारलं.
"ओझं असल्यावर वाकतोच की माणूस."
दहा सेंटिमीटर वजा केले.

मग घरोघर.
फूलपातीकडे मातीची डेहरी, पुरुषभर उंच,
पोटावर गढूळ रेघ.
माघीला सगळं घर लिंपते ती, रेघ तेवढी सोडून.
"बियाणाची गाडगी ह्याच्या वर टांगायची,"
एवढंच बोलली, आणि तांदूळ पाखडायला लागली.
पलीकडे दोन भाऊ भांडले:
थोरला म्हणे खिडकीपर्यंत, धाकटा म्हणे आढ्यापर्यंत.
धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता.
मी दोन्ही लिहून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात नकाशा घेऊन आलो.
फिका निळा, मधला, गडद.
लौटननं चष्मा पुसला, आपलं घर शोधलं,
बोट नदीकडे सरकवत नेलं.
"हे पांढरं का?"
वाळूवरचा टोला. तिथलं कुणी भेटलं नाही, म्हणालो.
"भेटणार कसं?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बाहेर कुणीतरी म्हशीला हाकलत होतं.
मग तो उठला, हात डोक्याच्या वर नेला,
टाचा उचलल्या.
"अजून," म्हणाला.
अजून किती, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

नकाशात तिथं प्रश्नचिन्ह ठेवलंय.
कार्यालयातून पत्र आलं:
असं चिन्ह सूचीत नाही, दुरुस्त करून पाठवा.
पत्र टेबलावर आहे.