पाव फेरा

बॅटरी स्वयंपाकघरात आणून ठेवली आहे,
खिडकीखालच्या फळीवर, राईच्या पावाला खेटून.
रात्री पाणी प्यायला उठले
की चार्जरचा हिरवा दिवा दिसतो
आणि घरात आणखी कुणी जागं असल्यासारखं वाटतं.

बाहेर उणे बावीस.
कायानीत डिसेंबरचा सूर्य
उसने पैसे मागायला आल्यासारखा येतो,
उंबऱ्यावर चुळबुळतो,
कॉफीला थांब म्हणेपर्यंत गेलेला असतो.

जावा उभी आहे जुन्या सौनात.
ताइस्तोनं वीस वर्षांपूर्वी आतली बाकं उपसली,
दाराची चौकट करवतीनं चार बोटं रुंद केली,
म्हणाला, घामाला दुसरी जागा बघू.
अजून कधी लाकडातून बर्चच्या पानांचा वास येतो
आणि त्यात मिसळलेला टू-स्ट्रोक तेलाचा.
आता गाडी माझी आहे. म्हणजे कागदावर.

या वर्षी सगळं त्याच्या वहीप्रमाणे केलं.
टाकी काठोकाठ भरली, कारण
रिकामी जागा दिसली की गंज बिऱ्हाड करतो.
कार्ब्युरेटर कोरडा केला.
प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत चमचा-चमचा तेल,
बाळाला गुटी चाटवावी तसं,
आणि मग किक, हातानं दाबून, सावकाश.
साखळी दोन दिवस रॉकेलच्या डब्यात होती;
माझा जुना टूथब्रश तिथेच संपला.
सायलेन्सरच्या तोंडांत चिंध्या कोंबल्या.
एअर फिल्टरचा डबा सगळ्यात शेवटी उघडला
आणि तिथे

उंदरानं संसार मांडला होता.
राखाडी लोकर, म्हणजे ताइस्तोचा डावा हातमोजा,
ज्यावरून त्यानं शेजारच्या पोराला नको नको ते सुनावलं होतं.
सीटमधला पिवळा फोम.
आणि वहीच्या पानाचा कोपरा, बारीक कातरलेला.
पानावर त्याच्या पेन्सिलीतलं एवढंच उरलंय:
पॉइंटमधलं अंतर शून्य पूर्णांक
पुढचं उंदराच्या गादीत.

ताइस्तो दर रविवारी फोन करतो, ओउलूच्या वृद्धाश्रमातून.
हल्ली त्याला मुलीचं नाव सापडत नाही.
मला कधी एइला म्हणतो, कधी सायमी,
सायमी आमची आई.
पण पहिलं वाक्य ठरलेलं:
चाक फिरवलंस का?
एका जागी उभा राहिला की टायर बसतो,
तळवा सपाट होतो, मग मे महिन्यात लंगडतो.

फिरवलं, म्हटलं.
आणि विचारलं, पॉइंटचं अंतर किती ठेवायचं रे?
त्यानं मधे श्वाससुद्धा घेतला नाही.
चार, म्हणाला. शून्य पूर्णांक चार.
पत्ती पुसून घे आधी. आणि घाई करू नकोस,
तुला घाई फार.
आवाज त्याचाच होता, तिशीतला.
मी पिठाच्या पुडीवर लिहून घेतलं,
खरंतर ऐकताक्षणी पाठ झालं होतं.

मग तो गप्प. मागून नर्स काहीतरी म्हणाली.
चाक फिरवलंस का, सायमी?
हो.
थोडं बर्फाबद्दल बोललो,
जेवणात मासे होते का, त्याबद्दल.
चाक फिरवलंस का?
हो रे.

तिन्ही वेळा खोटं.
फोन ठेवला, बूट चढवले, टॉर्च घेतला.
सौनात जागाच एवढी
की गाडी पाव फेरा पुढे जाते
आणि जुन्या भट्टीच्या दगडांना टेकते.
तीनदा विचारलं होतं, तीनदा ढकलली:
पुढे, मागे, पुढे.
चाकाच्या हिशेबी एकदाच.

फिल्टरचा डबा तसाच परत लावला आहे.
त्याला सांगितलं नाही.
वायरी कुरतडतात, म्हणेल,
आणि कुरतडतातच.
एप्रिलात बघू.