शेऱ्याचा रकाना

सोहारच्या बंदरामागे, तीन नंबर गेटच्या केबिनमध्ये
एकोणीस वर्षं मी वह्या भरल्या.
हिरव्या पुठ्ठ्याच्या, लांबट, लाल रेघांच्या.
कंत्राटदार, मजूर, बताक्याचा नंबर,
विमा कधीपर्यंत, डॉक्टरचा दाखला कधीपर्यंत,
क्रेनच्या कागदावर सही कुणाची.
आणि अगदी कडेला, बोटभर रुंद,
शेरा.

शेरा मी मराठीत लिहायचो.
साहेब स्कॉटलंडचा, मुकादम बलुची, फोरमन थंकप्पन;
वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून खरं लिहायचो.
उंचीवर पाय लटपटतात, खाली ठेवा.
चष्मा हवाय, मागायला लाजतो.
वय वाढवून सांगितलंय.
आज बोलला नाही. घरी काहीतरी झालंय.

जूनमध्ये वह्या बंद झाल्या.
जोसलिन नावाची मुलगी आली, मनिलाची,
स्वेटर घालून, कारण आमचा एसी तिला बाधायचा.
तिनं गेटवर फिरता दांडा बसवला, वर एक दिवा.
कार्ड टेकवायचं.
हिरवा: आत.
लाल: दांडा हलत नाही,
मग तू मुकादमाचा मेहुणा अस की कुणीही.

जुनं सगळं आत भरायचं काम माझ्याकडे आलं.
दुपारच्या सुट्टीत, साडेबारा ते साडेतीन,
बाहेर लोखंडाला हात लावता येत नाही तेव्हा,
मी एकेक ओळ टाइप करत बसायचो.
घामानं फुटलेली शाई, खाडाखोड,
एका पानावर खजुराचा चिकट डाग.
जोसलिन म्हणाली, हा शेवटचा रकाना सोडून द्या,
याला आपल्याकडे जागा नाही.

चौथ्या वहीत तस्लीम अन्सारी आला.
परांचीवाला, सिवानचा.
उंचीच्या कामाचं कार्ड: मुदत चार तारखेला संपलेली.
आत सोडला: नऊ तारखेला.
शेरा, पेन्सिलनं:
उद्या आणतो म्हणाला.

बुक्रा.
इथं आल्यावर पहिल्यांदा शिकतो तो शब्द.
पगार बुक्रा, तिकीट बुक्रा, कार्डही बुक्रा.
सकाळी साडेपाचला बस भरून माणसं उभी,
मागे दुसऱ्या बसचा हॉर्न,
रोज बुडाला तर घरी काय पाठवणार म्हणून
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि मी हात केला, जा.
अकरा वाजता तो खाली आला. शिडीनं नाही.

कार्ड असतं तर हात सुटला नसता?
कोण जाणे.
कार्डानं पकड घट्ट होत नाही.
हे मी स्वतःला सहा वर्षं सांगतोय,
आणि सांगावं लागतंय, यातच काय ते आलं.

मी दोन्ही तारखा जशा होत्या तशा टाकल्या.
क्षणभर चक्र फिरलं,
मग पडद्यावर लाल चौकट:
प्रवेश नाकारला.

तस्लीमचा अजून दर ईदला आवाज येतो फोनवर.
दळवीभाई, आपका एहसान है,
उस वक़्त गेट पर आपने कभी तंग नहीं किया.
मागे व्हीलचेअर कुरकुरते.
मी म्हणतो, सेहत सँभालो.

जोसलिनला हे सांगितलं नाही.
तिनं विचारलं फक्त, काका, एवढा वेळ एकाच ओळीवर?

काल सकाळी दिवा लाल झाला.
नवा पोरगा, वेल्डर, डॉक्टरचा दाखला परवाच संपलेला.
त्यानं दिव्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.
जुनी सवय माणसाला शिकवावी लागत नाही.
माझा हात उचलला गेला, अर्धवट,
आणि दांड्यावर जाऊन थांबला.
दांडा गार होता, इतक्या पहाटे.

त्यानं मला भोजपुरीत आईवरून शिवी दिली,
कार्ड वाळूत आपटलं, उचललं,
आणि कॅम्पच्या दिशेनं चालत सुटला.

खिशात बिल होतं जुनं, त्याच्या पाठीवर लिहिलं:
रोज बुडाला. चिडलाय.
चाल सरळ. दोन्ही पाय नीट.