नाकासमोरचा रस्ता

जुरातल्या रस्त्यांना घाई नाही.
वळणावर गायी आडव्या आल्या की थांबायचं,
त्यांच्या गळ्यातल्या घंटा पलीकडच्या कुरणात जाईपर्यंत.
ओबाँ म्हणतो, इथे भोंगा वाजवला तर दूध नासतं.
गाडी मी चालवते. तो नकाशा मांडीवर पसरून बसतो
आणि नकाशात बघत नाही.

चाळीस वर्षं हा माणूस नाकासमोर चालला,
अगदी शब्दशः.
पेल्यात नाक बुडवून सांगायचा :
उतार दक्षिणेचा, पाऊस उशिराचा,
आणि पिंपं धुणारा पोरगा आळशी.
मागच्या हिवाळ्यात ताप आला. गेला,
जाताना वास घेऊन गेला.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर तसं लिहून दिलं.
ओबाँने तो कागदही हुंगून पाहिला.

म्हणून ही सहल. कल्पना त्याचीच :
सगळ्यांकडे जाऊ, जेवू,
आठवतंय का ते तरी बघू.

आर्ब्वाच्या अलीकडे सिदोनीने
पिवळ्या वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी वाढली,
वर वसंतातली अळंबी, वाळवून जपलेली.
तो सावकाश चावत राहिला.
"मऊ," म्हणाला. "गरम. मग जरा रबरी."
सिदोनी मीठ आणायला आत गेली
ती बराच वेळ आलीच नाही.
मीठ टेबलावरच होतं.

मग मी त्याच्या कानाशी सांगायला लागले.
अक्रोड. सफरचंदाची साल.
भिजलेली लोकर.
"लोकर नाही. घाई करतेस. पुन्हा पी."
पुन्हा प्याले. खरंच, लोकर नव्हती.
मेथीदाण्यासारखं कडसर काहीतरी होतं,
ते गिळल्यावर मागून आलं.
चौथ्या गावापर्यंत माझी जीभ
त्याच्या नोकरीला लागली होती.
पगार : जुन्या कोंतेचा एक तुकडा,
दाताखाली कचकन फुटणारे त्यातले पांढरे कण.
ते मात्र त्याला ऐकू येतात.

फिलिबेरच्या तळघरात सहा वर्षांची पिंपं,
न उघडलेली, न भरलेली.
आत वाइनवर साय धरलेली.
उडून गेलेली वाइन देवदूत पितात, असं लोक म्हणतात.
फिलिबेर म्हणतो, देवदूत कुठले,
कोळी पितात. बघा की कसे माजलेत.

ओबाँने लाकडाला कान लावला.
बोटाच्या पेराने वाजवत वाजवत खाली आला
आणि एका जागी खडूने रेघ ओढली. इथपर्यंत.
फिलिबेरने वरून काठी घालून मोजलं.
दोन बोटांचा फरक.
दोघे रेघेकडे बघत राहिले.
"पूर्वी चार बोटं चुकायचास," फिलिबेर म्हणाला.

संध्याकाळी पुन्हा रस्ता, पुन्हा गायी.
इंजिन बंद केलं.
त्याने काच खाली घेतली आणि विचारलं,
काय येतंय?

शेण, कापलेलं गवत, कुणाच्या तरी चुलीचा धूर,
आणि त्याखाली आणखी एक, पातळसं,
जे मला अजून ओळखू येत नाही.

सांगते, म्हटलं.
थांब जरा.